मुखपृष्ठावरची मुलगी आत कुठे गेली?

डिसेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणाऱ्या अम्मार रेशी या डिझायनरनं शनिवार-रविवारच्या सुट्टीत लहान मुलांचं एक पुस्तक तयार केलं. गोष्ट चॅटजीपीटीकडून लिहून घेतली, चित्रं मिडजर्नी या एआय-साधनाकडून काढून घेतली आणि ‘अ‍ॅलिस अँड स्पार्कल’ हे पुस्तक अ‍ॅमेझॉनवर विक्रीला ठेवलं. मित्राच्या छोट्या मुलीला भेट द्यावी, एवढाच मूळ विचार होता. रेशींनी हा सगळा खटाटोप ट्विटरवर कौतुकानं सांगितला आणि बालपुस्तकांचे चित्रकार खवळले. आमच्या चित्रांवर शिकलेलं यंत्र आमचंच काम हिरावून घेतंय, हा रागाचा मुख्य मुद्दा होता. पण पुस्तक उघडून बघणाऱ्यांना आणखी एक गोष्ट खटकली. अ‍ॅलिस पानोपानी बदलत होती. चेहरा वेगळा, वय वेगळं, आणि काही ठिकाणी हाताची बोटं पंज्यासारखी.

त्यानंतर ही साधनं झपाट्यानं सुधारली. बोटं आता बहुधा पाचच येतात. आपल्याकडेही गोष्टी लिहिणारे शिक्षक, हौशी लेखक, दोन-तीन माणसांवर चालणारी प्रकाशनं यांच्या हातात हे साधन आलं आहे. मजकूर तयार आहे, चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत किंवा वेळ नाही, मग निदान मुखपृष्ठ तरी एआयकडून करून घेऊ, हा विचार सहज येतो. चित्र मिळतंही, अर्ध्या मिनिटात. मात्र चित्र मिळणं आणि मुखपृष्ठ होणं यात बरंच अंतर आहे. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी मुखपृष्ठ हे गोष्टीचं पहिलं पान असतं. तिथे दिसलेली मुलगी, तिची शेळी, तिचा लाल फ्रॉक आत भेटणार असं ते मूल गृहीत धरून चालतं. नाही भेटली तर ते थेट विचारतं, ही कोण?

मुळात हे यंत्र चित्र काढतं म्हणजे काय करतं, ते पाहू. जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या. यंत्राची सुरुवात तशाच मुंग्यांपासून होते. प्रशिक्षणाच्या वेळी त्याला चांगलं चित्र देतात, त्यात पायरीपायरीनं मुंग्या मिसळत नेतात आणि प्रत्येक पायरीला विचारतात, यातल्या मुंग्या कोणत्या आणि चित्र कोणतं? उत्तर चुकलं की आतले आकडे किंचित हलवतात. कोट्यवधी चित्रांवर हा सराव झाला की यंत्र मुंग्या ओळखण्यात तरबेज होतं. मग त्याला नुसत्या मुंग्यांनी भरलेली चौकट दिली तरी ते त्यातून थोड्या थोड्या मुंग्या काढत जातं आणि शेवटी एक चित्र उरतं, जे आधी कुठेच नव्हतं. या पद्धतीला डिफ्युजन म्हणतात. कल्पना उष्मागतिकीतून आलेली. २०१५ मध्ये ती मांडली गेली आणि २०२० मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी तिच्यातून खरोखर चांगली चित्रं निघतात हे दाखवलं.

आता मुंग्यांतून हत्तीच का निघावा, बस का नाही, हे शब्द ठरवतात. ओपनएआय कंपनीनं जानेवारी २०२१ मध्ये ‘क्लिप’ नावाचं मॉडेल जाहीर केलं. इंटरनेटवरची ४० कोटी चित्रं आणि त्यांच्याजवळचा मजकूर अशा जोड्यांवर ते शिकलं होतं, त्यामुळे कोणत्या शब्दांशी कोणतं दृश्य जुळतं याचा अंदाज त्याला आला. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं ‘स्टेबल डिफ्युजन’ शब्द समजून घेण्यासाठी याच मॉडेलचा आधार घेत होतं, आणि त्याचं स्वतःचं शिक्षण ‘लायन-५बी’ या ५८५ कोटी जोड्यांच्या संचातल्या निवडक भागांवर झालं होतं.

यातली एक तांत्रिक युक्ती मुखपृष्ठ करणाऱ्यानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंच्या रंगीत चित्रात ७,८६,४३२ आकडे असतात. स्टेबल डिफ्युजन हे चित्र आधी दाबून १६,३८४ आकड्यांत बसवतं, म्हणजे अठ्ठेचाळिसावा हिस्सा. मुंग्या काढण्याचं सगळं काम त्या दाबलेल्या रूपात होतं आणि शेवटी ते पुन्हा फुलवलं जातं. म्हणून तर घरच्या संगणकावर ते चालू शकलं. पण या दाबादाबीत बारीक गोष्टी हरवतात: दूर उभ्या माणसाचे डोळे, बोटांची टोकं, अक्षरांची वळणं. चित्र एकंदर पाहिलं तर सुरेख, जवळून पाहिलं तर काहीतरी बिनसलेलं. मोठी माणसं मुखपृष्ठ लांबून पाहतात. मुलं नाक टेकवून पाहतात.

ज्या चित्रांवर यंत्र शिकलं, त्यांत जे पुष्कळ वेळा आलं ते त्याला सहज सुचतं, ही दुसरी अडचण. २०२३ मध्ये ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकानं मिडजर्नीकडून वेगवेगळ्या देशांची ३,००० चित्रं काढून घेतली. ‘भारतीय माणूस’ मागितल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी दाढीवाला म्हातारा आला, बहुतेकदा पागोट्यासह. मुलांच्या पुस्तकात हा दोष फार महागात पडतो, कारण आपल्यासारखं मूल पुस्तकात दिसणं ही वाचनाची मोठी ओढ असते.

समजा, गोष्ट माणदेशातल्या एका मुलीची आणि तिच्या शेळीची आहे. ‘खेड्यातली भारतीय मुलगी आणि शेळी’ एवढंच लिहिलं, तर घागरा, कपाळावर मोठी टिकली, मातीची झोपडी आणि मागे सोनेरी संध्याकाळ मिळण्याची शक्यता दाट. माणदेश नावालाही नाही. त्याऐवजी सूचना अशी लिहावी: नऊ वर्षांची सावळी मुलगी, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, शाळेचा निळा फ्रॉक, पाय अनवाणी, शेजारी काळी शेळी, एक कान पांढरा, मागे पत्र्याचं छप्पर असलेलं घर, बाभळीची दोन झाडं, खडकाळ माळ, दुपारचं पांढरं ऊन, नजर मुलीच्या उंचीवरून, जलरंगातलं चित्र, वरचा एक तृतीयांश भाग मोकळं आभाळ. हे शेवटचं विसरू नये. शीर्षकाला जागा ठेवलीच नाही तर नंतर मुलीच्या कपाळावर अक्षरं येतात. ‘चष्मा नको’ अशी नकारार्थी वाक्यंही टाळावीत. बऱ्याच मॉडेलांना ‘नको’ नीट कळत नाही, चष्मा मात्र कळतो आणि तो येतो.

गंमत अशी की ही यादी करायला माणदेशातली दुपार पाहिलेली लागते. न पाहिलेल्याला यंत्र काय चुकलंय तेही कळत नाही. लाल एसटी, तुळशीवृंदावन, जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, नऊवारीचा काष्टा या गोष्टी यंत्राकडून कशाबशा जमतात, कधी हास्यास्पद चुकतात. अशा वेळी चित्र तपासायला त्या गावातलं एखादं मूल बसवावं. त्याच्याइतका कडक परीक्षक शोधून सापडणार नाही.

आता अ‍ॅलिसच्या बदलत्या चेहऱ्याकडे येऊ, कारण बालपुस्तकात हीच खरी मेख आहे. यंत्राला अ‍ॅलिस नावाची कोणी माहीत नसते. प्रत्येक चित्र नव्या मुंग्यांपासून सुरू होतं. त्या मुंग्यांची मांडणी ‘सीड’ नावाच्या एका आकड्यावरून ठरते. त्याच मॉडेलला तोच आकडा, तीच सूचना आणि त्याच सेटिंग दिल्या तर साधारण तेच चित्र पुन्हा येतं. पण मुलगी बसलेली होती ती आता पळायला हवी, असं म्हटलं की सूचना बदलली आणि मुलगीही बदलली. यावर उपाय निघत गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘ड्रीमबूथ’ ही पद्धत मांडली. एखाद्या पात्राची तीन ते पाच चित्रं देऊन मॉडेलला ते पात्र शिकवता येतं. मार्च २०२४ मध्ये मिडजर्नीनं पात्राचं नमुना-चित्र जोडण्याची सोय दिली. आता बऱ्याच साधनांत आधीचं चित्र दाखवून ‘हीच मुलगी, पण पळताना’ असं सांगता येतं. चेहरा बराचसा टिकतो. मात्र रिबीन डावीकडून उजवीकडे जाते, शेळीचा पांढरा कान काळा होतो, आणि ‘बराचसा’ मुलांना पुरत नाही.

माणूस हे कसं करतो, याची उदाहरणं आपल्या घरातच आहेत. ‘चांदोबा’ मासिकातल्या विक्रम-वेताळाचं चित्र शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन यांनी ठरवून दिलं. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातली वाट. भाषा कोणतीही असो, वर्षानुवर्षं मुलांनी विक्रमाला एका नजरेत ओळखलं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ मालिकेत लेखन आणि चित्रं एकाच हातची आहेत. राधाच्या घरात कोण कसं बसतं, कोणाचा चष्मा कुठे असतो हे त्या हाताला ठाऊक आहे, आणि म्हणून मुखपृष्ठ हा आतल्या घराचाच दरवाजा वाटतो. पात्र आधी मनात राहायला येतं आणि मग कागदावर. यंत्राच्या बाबतीत ही पायरीच नाही.

ज्या पुस्तकात आतली चित्रं माणसानं काढली आहेत आणि फक्त मुखपृष्ठ एआयचं आहे, त्यात तर हा सांधा ढळढळीत दिसतो. आत साधी शाईची रेषा, बाहेर चकचकीत, मेणासारखा चेहरा आणि जांभळा प्रकाश. प्रकाशकाला वाटतं, मुखपृष्ठ ‘भारी’ झालं. माझ्या मते ही सगळ्यात वाईट जोडी. त्याच चित्रकाराच्या आतल्या एका चित्राचा तुकडा मोठा करून, रंगाची एक सपाट पट्टी टाकून केलेलं मुखपृष्ठ शंभर पटींनी बरं दिसेल आणि खर्चही वाचेल.

शीर्षकाचं काय? एक पक्का नियम: शीर्षक यंत्राकडून चित्रातच काढून घेऊ नये. यंत्र अक्षर लिहीत नाही, अक्षरासारखा आकार रंगवतं. इंग्रजीत सुरुवातीला भलतंच काही यायचं. २०२३च्या अखेरीपासून ते सुधारत गेलं. देवनागरी मागे राहिली, कारण शिकायला नमुने कमी आणि लिपीची घडण गुंतागुंतीची: वर शिरोरेषा, खाली-वर-मागे-पुढे मात्रा, जोडाक्षरं. ताज्या साधनांत देवनागरीही पुष्कळ सुधारली आहे, पण ‘पुष्कळ’मधला ‘ष्क’ कधी कसा येईल याची खात्री नाही. जे मूल अक्षरओळख शिकतंय त्याच्यासमोर मोडकी वेलांटी ठेवणं हा गुन्हाच समजायला हवा.

शीर्षक डीटीपीत वेगळं बसवावं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे देवनागरी फाँट मुक्त परवान्यात मिळतात. बलूची गोलमटोल वळणं मुलांच्या शीर्षकाला शोभतात. श्रीलिपी सॉफ्टवेअरवर काम करणारे ऑपरेटर युनिकोड मजकूर घेताना मात्रा निसटत नाहीत ना, ते बघतीलच, तरी आपणही बघावं. आणखी एक बारकावा: मराठी वर्णमालेत पाकळीचा ल आणि देठाचा श असतो, पाठ्यपुस्तकांतही मुलं तेच गिरवतात. अनेक फाँट मात्र हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात. काही फाँटमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी वळण मिळतं. पहिलीच्या मुलासाठी हा फरक छोटा नसतो.

चित्र पडद्यावर छान दिसतं आणि छापून आल्यावर मळकट, ही तक्रार छापखान्यात रोजची. छपाईला एका इंचात ३०० बिंदू लागतात. पुस्तक ७ इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच असेल, तर कटिंगसाठी चारही बाजूंना पाव इंचाच्या निम्मं ब्लीड धरून निदान २,१७५ गुणिले २,९२५ बिंदूंचं चित्र हवं. यंत्रानं दिलेलं चित्र १,०२४ बिंदूंचं असेल तर ते जेमतेम साडेतीन इंच नीट छापता येईल. मोठं करण्याची साधनं आहेत, पण तीही एआयच. मोठं करताना मधले तपशील ती स्वतःच्या अंदाजानं भरतात. बारा खांबांचे तेरा होऊ शकतात. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग चित्र करायचं असेल तर रुंदी दुप्पट, अधिक कणा. चोवीस पानांच्या सेंटर पिनच्या पुस्तकाला कणा नसतो, तेवढी सुटका. रंगांचंही तेच. पडद्यावरचा झळझळीत निळा आणि पोपटी हे फोर कलर छपाईच्या चार शाईंत बसतच नाहीत. म्हणून चित्र सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या रंगांत बदलून, आर्टकार्डावर प्रूफ काढूनच निर्णय घ्यावा. आणि पुस्तक ऑनलाइन विकायचं असेल तर मुखपृष्ठ पोस्टाच्या तिकिटाएवढं करून बघावं; मुलगी आणि शीर्षक दोन्ही ओळखू आली पाहिजेत.

मुखपृष्ठाचा मालक कोण, हे प्रकरण अजून धुरकट आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं फेब्रुवारी २०२३ मध्ये क्रिस काश्तानोव्हा यांच्या ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत निर्णय दिला: मजकूर आणि पानांची मांडणी यांना संरक्षण आहे, मिडजर्नीनं काढलेल्या एकेका चित्राला नाही. म्हणजे तिथे तुमच्या पुस्तकातलं एआय-चित्र दुसऱ्यानं उचललं तर त्या चित्रापुरतं बोट दाखवायला जागा नाही. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली केलेल्या दुरुस्तीनुसार संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवून घेणारी व्यक्ती. वाचायला सोपं वाटतं, पण तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर आजची यंत्रं नव्हती. २०२० मध्ये ‘राघव’ या एआय-साधनाला एका चित्राचा सहकर्ता म्हणून नोंदणी मिळाली आणि २०२१ मध्ये कार्यालयानं ती मागे घेण्याची नोटीस काढली. यावरून गोंधळाची कल्पना यावी. जिवंत चित्रकाराचं नाव घालून ‘याच्या शैलीत काढ’ असं सांगणं कायद्यात कुठेही बसो, सभ्यतेत बसत नाही.

न सांगता वापरलेलं एआय नंतर अंगाशी येतं, याची उदाहरणं मोठ्यांच्या पुस्तकांत झाली आहेत. २०२३ मध्ये सारा जे. मास यांच्या एका कादंबरीच्या ब्रिटिश आवृत्तीवरचा लांडगा एआयनं काढलेला निघाला. ब्लूम्सबरीसारख्या प्रकाशनानं तो स्टॉक-चित्रांच्या संकेतस्थळावरून घेतला होता आणि तो कसा तयार झाला हे आपल्या डिझायनरना माहीत नव्हतं, असं सांगितलं. म्हणजे विकत घेतलेलं चित्र माणसानंच काढलंय, हेही आता गृहीत धरता येत नाही. २०२५च्या अखेरीस न्यूझीलंडच्या ऑकम पुरस्कारांच्या स्पर्धेतून दोन पुस्तकं बाद झाली, केवळ मुखपृष्ठात एआय वापरल्यामुळे. लेखिकांनी पुस्तकं स्वतः लिहिली होती. मुखपृष्ठ प्रकाशनाकडून आलं होतं. अ‍ॅमेझॉनच्या स्व-प्रकाशन सेवेवर तर सप्टेंबर २०२३ पासून मजकूर किंवा चित्रं, मुखपृष्ठ धरून, एआयची असतील तर कंपनीला कळवावं लागतं.

मग वापरावं की नाही? वर्गातल्या मुलांनी मिळून रचलेल्या गोष्टीच्या वीस प्रती झेरॉक्स करायच्या असतील तर खुशाल वापरावं, मुलांना मजाही येईल. खरं तर मुलांनाच खडू देऊन मुखपृष्ठ काढायला लावलं तर जास्त मजा येईल, पण ते सोडा. फक्त खऱ्या मुलामुलींचे फोटो असल्या साधनांवर चढवू नयेत, दुसऱ्यांच्या मुलांचे तर नाहीच. विक्रीच्या पुस्तकासाठी एआयचा खरा उपयोग कच्च्या आराखड्यापुरता आहे. मुलगी जवळून दाखवावी की लांबून, आभाळ निळं की पिवळं, शेळी पुढे की मागे, असे चार पर्याय लेखकानं काढून चित्रकारासमोर ठेवले तर दोघांचं बोलणं लवकर जुळतं. अंतिम चित्र चित्रकाराचं असावं. पैसेच नसतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या खुल्या मंचावर माणसांनी काढलेली चित्रं आहेत. चित्रकाराचं नाव देऊन ती मोफत वापरता येतात. २०१५ पासून ही सोय आहे आणि मराठीतल्या छोट्या प्रकाशकांनी तिचा पुरेसा लाभ घेतलेला नाही.

मराठी प्रकाशकांना एकच विनंती. श्रेयपानावर ‘मुखपृष्ठ :’ असं छापून पुढे नाव लिहिण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. चित्रकार असेल तर त्याचं पूर्ण नाव तिथे छापा, यंत्र वापरलं असेल तर कोणतं आणि कशापुरतं तेही छापा, आणि ती ओळ पालकांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या टायपात छापा.